बिल्ट-इन फंक्शन्सचा रेफरन्स कसा लावायचा: साचा, क्रम आणि नेहमीच्या चुका

दादरला रविवारी सकाळी आमचा एक छोटा वर्ग भरतो. मराठी माध्यमातून आलेली, डिप्लोमाला किंवा बीएससीला असलेली मुलं तिथे पायथन शिकतात. दर वर्षी त्यातली दोघं-तिघं ठरवतात की बिल्ट-इन फंक्शन्सचा, म्हणजे भाषेसोबत तयारच मिळणाऱ्या फंक्शन्सचा, मराठीत रेफरन्स (अडलं की उघडून बघायची माहिती) लिहायचा, आणि दर वर्षी सुरुवात एकाच पद्धतीनं होते. कोरी फाइल उघडायची, इंग्रजी अकारविल्ह्यातलं पहिलं फंक्शन, म्हणजे ॲब्स, घ्यायचं आणि त्यावर दीड पान लिहायचं. डीपर्यंत येईतो दीड पानाच्या चार ओळी होतात. टाइप आणि झिप ही शेवटाकडची फंक्शन्स, जी खरं तर समजावून सांगण्याची गरज सर्वांत जास्त, ती कोरीच राहतात. कंपन्यांच्या आतल्या छोट्या स्क्रिप्टिंग भाषांचे रेफरन्सही मी असेच अर्ध्यात पडलेले पाहिले आहेत.

हे आळसामुळे होत नाही, कामाचा क्रम चुकल्यामुळे होतं. म्हणून खाली फक्त क्रम दिला आहे: आधी काय, मग काय, आणि कुठे थांबून तपासायचं. उदाहरणं बहुतेक पायथनची आहेत, काही जावास्क्रिप्ट आणि पीएचपीची. या लेखात फंक्शनची नावं आणि आकडे देवनागरीत आहेत. तुमच्या रेफरन्समध्ये मात्र कोड जसा चालतो तसाच, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत ठेवा. वाचणारा तो उचलून थेट चालवून बघणार असतो.

## टप्पा १: यादी भाषेकडून घ्या, आठवणीतून नको

पहिलं काम लिहिण्याचं नाही, मोजण्याचं आहे. पायथनमध्ये बिल्टइन्स हे मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यावर डिर चालवलं की साधारण दीडशे नावं समोर येतात. त्यातली बरीचशी फंक्शन्स नसतात. एररचे प्रकार असतात, ट्रू, फॉल्स, नन असे स्थिरांक असतात, आणि एक्झिट, क्विट अशी नावं असतात जी मुख्यतः समोरासमोर टाइप करून बघण्याच्या सोयीसाठी आहेत. ही गाळली की सुमारे ७० उरतात.

त्या ७०मध्येही एक गाठ आहे. इंट, स्ट्र, लिस्ट, रेंज ही तांत्रिकदृष्ट्या फंक्शन्स नाहीत, क्लास आहेत. ती ठेवायची का? ठेवायची. वापरणारा त्यांना फंक्शनसारखंच हाक मारतो, आणि तो ती इथेच शोधायला येणार. व्याख्येच्या शुद्धतेसाठी त्यांना दुसऱ्या पानावर पाठवलंत, तर तुमची व्याख्या बरोबर राहील आणि वाचणारा रिकाम्या हातानं जाईल.

भाषा कंपनीच्या आतली असेल तर ज्या फाइलमध्ये फंक्शन्सची नोंदणी होते ती उघडा आणि नावं तिथून घ्या. टीममधल्या अनुभवी माणसाला विचारून केलेल्या यादीत हमखास दोन-चार नावं सुटतात, कारण तो स्वतः वापरतो तेवढीच त्याला आठवतात.

यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवा. रकाने एवढे पुरे: नाव, कुठल्या व्हर्जनपासून आहे, वापरावं की टाळावं, नोंद कोण लिहिणार, उदाहरणं शेवटची कधी चालवली.

तपासा: शीटमधल्या ओळी आणि भाषेनं दिलेली नावं यांची संख्या जुळते का? गाळलेल्या प्रत्येक नावापुढे गाळण्याचं कारण लिहिलेलं आहे का?

## टप्पा २: एका नोंदीचा साचा ठरवा

लेखाचा मोठा भाग या टप्प्याला दिला आहे, कारण बहुतेक रेफरन्स इथेच बिघडतात.

दादरच्या ब्रिजवरून उतरताना आपण इंडिकेटर वाचत नाही, त्याच्याकडे फक्त नजर टाकतो. शेवटचं स्टेशन कुठे दिसतं, स्लो की फास्ट कुठे, किती डब्यांची गाडी हे कुठे, हे डोळ्यांना ठाऊक असतं. उद्या प्रत्येक प्लॅटफॉर्मवर या गोष्टींच्या जागा बदलल्या तर माहिती तीच असूनही गाडी चुकेल. रेफरन्स वाचणाराही असाच उभा असतो. अर्धवट लिहिलेली ओळ त्याच्या स्क्रीनवर थांबलेली असते आणि त्याला एकच गोष्ट हवी असते.

म्हणून प्रत्येक नोंदीत हा क्रम पाळा: नाव आणि वापरण्याची रीत, एका ओळीत काम, पॅरामीटर (फंक्शनला द्यायच्या गोष्टी), परत काय मिळतं, एरर कधी येते, उदाहरणं, आणि शेवटी जवळची फंक्शन्स. युनिक्सची मॅन पानं, म्हणजे त्या सिस्टिमसोबत येणारी मदतीची पानं, साधारण याच क्रमानं जातात. एखाद्या फंक्शनला एरर येतच नसेल तर ते कलम गाळू नका. ‘एरर येत नाही’ असं लिहा. रिकामी जागा पाहून वाचणाऱ्याला वाटतं की लिहायचं राहून गेलं.

### एका ओळीतलं काम: क्रियापद नीट निवडा

‘सॉर्टेड यादी क्रमानं लावतं’ आणि ‘सॉर्ट यादी क्रमानं लावतं’, ही दोन्ही वाक्यं मी एकाच वहीत वाचली आहेत. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही निरुपयोगी. सॉर्टेड नवी यादी देतं, मूळ यादीला हात लावत नाही. लिस्टचं सॉर्ट मूळ यादीच बदलतं आणि परत नन, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं. हा फरक न कळल्यामुळे मुलं सॉर्टचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवतात आणि यादी गेली कुठे म्हणून अर्धा तास शोधत बसतात.

यावर आम्ही तीन क्रियापदं ठरवून टाकली. फंक्शन काही परत करत असेल तर देतं. हातातली वस्तू बदलत असेल तर बदलतं. स्क्रीनवर किंवा फाइलमध्ये काही पाठवत असेल तर लिहितं. ‘करतं’, ‘लावतं’, ‘काढतं’ ही क्रियापदं पहिल्या ओळीत बंद. प्रिंट लिहितं, देत नाही. एवढ्या एका शब्दानं प्रिंट आणि रिटर्न यांच्यातला गोंधळ पुष्कळ कमी झाला.

### पॅरामीटर: ‘पर्यंत’ हा शब्द धोक्याचा आहे

रेंज(१, १०) कुठपर्यंत जातं? मराठीत आपण ‘दादर ते ठाणे’ तिकीट काढतो आणि ठाण्याला उतरतो, म्हणजे ठाणं त्यात धरलेलं असतं. ‘दहापर्यंत मोज’ म्हटलं की मूल दहा म्हणतंच. रेंज मात्र ९वर थांबतं. त्यामुळे ‘१ ते १०’ किंवा ‘१० पर्यंत’ असं लिहिलंत की मराठी वाचणारा चुकणारच, आणि चूक त्याची नसेल. ‘१० सोडून’ किंवा ‘१० धरून’, यांपैकी एक शब्द प्रत्येक वेळी लिहा.

दुसरी जागा स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, तुकडा काढणाऱ्या फंक्शन्सची. जावास्क्रिप्टमध्ये सबस्ट्रिंगचा दुसरा आकडा म्हणजे तुकडा संपण्याची जागा, आणि जुन्या सबएसटीआरचा दुसरा आकडा म्हणजे किती अक्षरं हवीत ती संख्या. मी पूर्वी एका कंपनीत होतो. तिथल्या अंतर्गत भाषेत असंच एक फंक्शन होतं आणि रेफरन्समध्ये त्या पॅरामीटरपुढे फक्त ‘संख्या’ एवढंच लिहिलेलं. एकानं ती शेवटची जागा समजून वापरली, दुसऱ्यानं लांबी समजून. ग्राहक क्रमांक चुकीच्या जागी कापले जात होते, आणि ते लक्षात यायला तीन आठवडे गेले. नोंदीत एक शब्द जास्त असता तर ते तीन आठवडे वाचले असते.

म्हणून प्रत्येक पॅरामीटरपुढे लिहा: द्यायलाच हवा की नाही, न दिल्यास काय धरलं जातं, कुठला टाइप चालतो, मोजणी ० पासून की १ पासून, आणि आकडा जागेचा आहे की लांबीचा. पीएचपीबद्दल लिहीत असाल तर क्रमही ठळक करा. इन_ॲरेमध्ये शोधायची गोष्ट आधी येते, स्ट्रपॉसमध्ये ती नंतर येते.

### परत काय मिळतं: सापडलं नाही तर?

सगळं सुरळीत असताना काय मिळतं ते सगळेच लिहितात. वाचणारा मात्र काहीतरी बिनसल्यावरच आलेला असतो. दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक नोंदीत हवीतच.

हवी ती गोष्ट सापडली नाही तर काय? पायथनमध्ये स्ट्रिंगचं फाइंड -१ देतं आणि इंडेक्स व्हॅल्यूएरर उठवतं. पीएचपीचं स्ट्रपॉस फॉल्स देतं, पण शब्द अगदी सुरुवातीलाच सापडला तर ० देतं, आणि ढिली (टाइप न बघणारी) तुलना केली तर ० हाही फॉल्सच ठरतो. असं असेल तर नोंदीतच ठळक इशारा द्या.

काहीच दिलं नाही तर काय? रिकाम्या यादीवर सम ० देतं, मॅक्स एरर उठवतं, ऑल ट्रू देतं आणि एनी फॉल्स देतं. यातलं एकही उत्तर अंदाजानं बरोबर येईल याची खात्री नाही.

सावधान: ‘योग्य ती व्हॅल्यू देतं’, ‘आवश्यकतेनुसार बदलतं’ असली वाक्यं दिसली की थांबा. लिहिणाऱ्यानं फंक्शन स्वतः चालवून पाहिलेलं नाही.

## टप्पा ३: साचा अवघड फंक्शन्सवर आधी घासून बघा

आता लगेच ७० नोंदी लिहायला बसू नका. तीनच निवडा. एक अगदी सरळ, लेन. एक ज्याच्या वापरण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत, रेंज किंवा टाइप. टाइपला एक आर्ग्युमेंट (पॅरामीटरच्या जागी प्रत्यक्ष दिलेली गोष्ट) दिलं तर ते वस्तूचा टाइप सांगतं, तीन दिली तर नवा क्लास बनवून देतं. आणि एक लांबलचक, ओपन, ज्याला ८ पॅरामीटर आहेत.

लेनवर साचा नेहमीच बसतो. तो मोडतो टाइपवर आणि ओपनवर. टाइपसाठी वापरण्याच्या रीती दोन वेगळ्या ओळींत मांडाव्या लागतील, आणि ‘परत काय मिळतं’ हे कलमही दोनदा लिहावं लागेल. ओपनसाठी मोडचं (फाइल वाचायला उघडायची की लिहायला, याचं) छोटं कोष्टक लागेल. हे तिसऱ्या नोंदीला कळलं तर साचा अर्ध्या तासात बदलता येतो. पन्नासाव्या नोंदीला कळलं तर आधीच्या एकोणपन्नास पुन्हा उघडाव्या लागतात, आणि तसं कुणी करत नाही.

तपासा: तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवा. ‘एरर कधी येते’ हे तिन्हींत एकाच जागी, एकाच नावानं दिसतं का?

## टप्पा ४: दोन वाटा, पण घर एकच

वाचणारे दोन तऱ्हेचे असतात. एकाला नाव माहीत असतं, त्याला अकारविल्हे यादी हवी. दुसऱ्याला फक्त काम माहीत असतं: ‘दोन याद्या जोडीनं फिरवायच्या आहेत’. झिप हे नाव त्याच्या डोक्यात कधी येणारच नाही. त्याच्यासाठी कामानुसार गट हवेत. दोन्ही वाटा द्या, पण नोंद एकाच जागी लिहा आणि दुसरीकडून फक्त लिंक ठेवा. एकच मजकूर दोन जागी ठेवलात की सहा महिन्यांत त्यातला एक शिळा होतो.

गटांची नावं वाचणाऱ्याच्या कामावरून ठेवा: संख्या आणि हिशेब, मजकूर, याद्या फिरवणं, एका टाइपमधून दुसऱ्यात नेणं, वाचणं-लिहिणं, वस्तूची चौकशी. भाषा बनवणाऱ्यांच्या फाइलींवरून गट पाडू नका, त्यांची सोय वेगळी असते. ‘इतर’ हा गट मी ठेवूच देत नाही. तो एकदा सुरू झाला की अवघड फंक्शन सगळी तिथे जाऊन पडतात.

### नोंदीचा पत्ता

डिसेंबर २०२३पर्यंत दादरला एक नंबरचा प्लॅटफॉर्म पश्चिम रेल्वेचाही होता आणि मध्य रेल्वेचाही. ‘एक नंबरला भेट’ म्हटलं की पुढे ‘वेस्टर्नच्या की सेंट्रलच्या’ हे विचारावंच लागायचं. मग पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेचे ८ ते १४ केले, आणि पत्ता एकमेव झाला. रेफरन्समध्येही फॉरमॅट नावाचं बिल्ट-इन फंक्शन आहे आणि स्ट्रिंगची फॉरमॅट नावाची मेथडही (स्ट्रिंगला जोडलेलं फंक्शन) आहे. नुसतं ‘फॉरमॅट पाहा’ लिहू नका. प्रत्येक लिंकमध्ये आणि शीर्षकात ते कुणाचं हे सांगा. आणि एकदा दिलेला पत्ता बदलू नका, लोकांनी तो कुठे कुठे चिकटवून ठेवलेला असतो.

### जुनी नावं सूचीत ठेवा

व्हीटीचं १९९६मध्ये सीएसटी झालं आणि २०१७मध्ये सीएसएमटी. टॅक्सीवाल्याला आजही व्हीटी म्हटलेलं कळतं. फंक्शन्सचंही तसंच. पायथन २मधलं रॉ_इनपुट ३मध्ये इनपुट झालं, एक्सरेंजचं रेंज झालं. जुन्या कोडवर काम करणारा जुनंच नाव शोधणार. सूचीत जुनं नाव ठेवा आणि पुढे ‘आता इनपुट पाहा’ एवढं लिहा.

सूचीत मराठी शब्दही हवेत: लांबी, मोजणं, उलटं करणं, पूर्णांक, अपूर्णांक गोल करणं. ही सूची कॉम्प्युटरकडून लावून घेणार असाल तर एक अडचण हमखास येईल. सॉर्टेड हे युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमानं लावतं. तिथे ॲ हे अक्षर ह च्याही नंतर येतं, म्हणून ‘ॲरे’ थेट यादीच्या तळाशी जातं. ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ह नंतर आहे. अक्षरांचा आपला क्रम स्वतः लिहून तो सॉर्टेडच्या ‘की’ नावाच्या पॅरामीटरमधून द्या, किंवा सूची लहान असेल तर सरळ हातानं लावा.

## टप्पा ५: नोंदी लिहा, आणि प्रत्येक उदाहरण चालवा

आता लिहायला बसा. अकारविल्हे नको, एकेक गट पूर्ण करा. एका गटातली फंक्शन्स एकापाठोपाठ लिहिली की त्यांच्यातले फरक आपोआप नोंदीत उतरतात.

उदाहरणं दोन पुरतात. पहिलं रोजच्या वापराचं, दुसरं जिथे माणूस फसतो त्या जागेचं. राउंडच्या नोंदीत आमच्याकडे बरेच दिवस फक्त ‘जवळचा पूर्णांक देतं’ असं होतं. एका मुलीनं किराणा दुकानाच्या बिलासाठी ते वापरलं आणि विचारलं, ‘दादा, ३.५चे ४ होतात, मग २.५चे २ का?’ पायथन ३मध्ये बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायचा नियम आहे. जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड २.५चे ३च करतं. शिवाय राउंड(२.६७५, २) हे २.६८ नाही, २.६७ देतं, कारण २.६७५ हा आकडा बायनरीत तंतोतंत साठवताच येत नाही, किंचित कमी साठवला जातो. तिचा प्रश्न रास्त होता आणि आमची नोंद अपुरी होती. दुसरं उदाहरण अशाच प्रश्नातून निवडा.

मराठीत लिहिताय, तर मराठी मजकुरावर फंक्शन कसं वागतं ते नक्की दाखवा. इंग्रजी रेफरन्समध्ये ते सहसा मिळत नाही. लेन("मुंबई") किती? डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पायथन ५ देतं. म, उकार, अनुस्वार, ब, ई हे पाच वेगवेगळे कोड आहेत. तोच शब्द यूटीएफ-८मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवण्याची एक पद्धत) नेऊन बाइट मोजले तर १५ भरतात. म्हणून लेनच्या नोंदीत ‘अक्षरांची संख्या देतं’ असं लिहिणं चूक आहे. आणि इंटला देवनागरी अंकांची स्ट्रिंग, "१२३", दिली तर पायथन ती बिनतक्रार घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर तिथे ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, देतं. फॉर्ममध्ये देवनागरी अंक भरणारे लोक आपल्याकडे आहेत, त्यांचा कोड लिहिणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं.

सावधान: उत्तर आठवणीतून टाइप करू नका. कोड चालवा आणि आलेलं उत्तर उचलून चिकटवा. पायथनसोबतच येणारं डॉकटेस्ट हे मॉड्यूल मजकुरातली उदाहरणं चालवून लिहिलेलं उत्तर जुळतं का ते बघतं. ते पहिल्या दिवसापासून लावा.

## टप्पा ६: दुसऱ्याच्या हातात द्या

फंक्शन ज्यानं लिहिलं त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नका. त्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे पानात काय राहिलं ते त्याला दिसत नाही. भाषा थोडी येणारा, पण हा रेफरन्स न पाहिलेला कुणीतरी घ्या. त्याला पाच प्रश्न द्या, नावं न सांगता: ‘यादीतला सगळ्यात मोठा आकडा काढ, यादी रिकामी असेल तर प्रोग्राम पडता कामा नये.’ शेजारी बसा आणि बोलू नका. तो कुठल्या गटात आधी गेला, सूचीत कुठला शब्द टाकला, कुठे मागे फिरला, तेवढं टिपून घ्या. त्यानं टाकलेला शब्द सूचीत नसेल तर त्याच दिवशी घाला.

मदत करण्याचा मोह इथे फार होतो. एकदा बोटानं दाखवलंत की ती चाचणी वाया गेली.

## टप्पा ७: बदल नोंदवण्याची सवय

फंक्शन बदलणारा आणि नोंद बदलणारा माणूस एकच असावा, आणि दोन्ही बदल एकत्रच जावेत. ‘डॉक्युमेंटेशन नंतर करू’ म्हटलेलं सहसा होत नाही. नवा पॅरामीटर आला तर त्याच्याच ओळीत व्हर्जन लिहा. उदाहरणार्थ झिपचा स्ट्रिक्ट, ‘३.१० पासून’. नोंदीच्या तळाशी इतिहासाची वेगळी यादी केलीत तर ती कुणी वाचत नाही. काढून टाकलेल्या फंक्शनची नोंद मात्र पुसू नका. कुठल्या व्हर्जनपासून नाही आणि त्याऐवजी काय वापरायचं, या दोन ओळी ठेवा.

नवं व्हर्जन आलं की टप्पा १मधली यादी पुन्हा काढा, जुन्या शीटशी ताडून पाहा, आणि डॉकटेस्ट सगळ्या नोंदींवर चालवा. जे जुळलं त्याच्यापुढे शेवटच्या रकान्यात त्या दिवशीची तारीख घाला. जे जुळलं नाही ती नोंद दुरुस्त होईपर्यंत तिच्या माथ्यावर ‘हे उदाहरण जुन्या व्हर्जनचं आहे’ असं लिहून ठेवा.